वीतभर मूर्ती आणि तिच्यातले तांबे

संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या वीतभर उंचीच्या धातुमूर्तीखाली बहुधा एक छोटी पट्टी असते: ‘कांस्य, नववे शतक, बिहार’. या पट्टीवरचा पहिला शब्द सर्वांत कमी भरवशाचा असतो. कांसे म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण. पण कांस्यमूर्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कितीतरी मूर्तींमध्ये कथील नावापुरतेच असते. काश्मीरच्या बहुतेक मूर्ती पितळेच्या, म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाच्या आहेत. नेपाळच्या मूर्ती जवळजवळ निव्वळ तांब्याच्या आहेत. बिहारमध्ये एकाच विहारातल्या दोन मूर्तींचे मिश्रणही सारखे असेलच असे नाही. म्हणून अभ्यासक अलीकडे ‘ताम्रमिश्रधातू’ असा बोजड पण प्रामाणिक शब्द वापरतात. या सर्व मूर्तींना जोडणारा समान धागा तांबे हाच आहे. साधारण इ. स. ६०० ते १२०० या काळातल्या, चार बोटांपासून फूट-दीड फुटापर्यंतच्या मूर्ती समजून घ्यायच्या असतील तर त्यांच्यातले तांबे कशात आणि का मिसळले आहे, आणि मूर्ती एवढी लहान का आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. मूर्ती कोणत्या देवतेची आहे हा प्रश्न थोडा मागे ठेवला तरी चालतो.

मूर्ती कशी घडते, हे ठाऊक असल्याशिवाय या प्रश्नांची उत्तरे नीट लागत नाहीत. संस्कृत ग्रंथांत या पद्धतीला ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे, अर्थात मध काढून घेतल्यावर पोळ्यात उरलेले मेण. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ही कृती एखाद्या अनुभवी ओताऱ्याकडून ऐकून लिहावी इतक्या बारकाईने दिली आहे. (महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात, ही नोंद ज्या ग्रंथात आहे तोच हा ग्रंथ.) आधी मूर्ती मेणात पूर्ण घडवायची, बोटे, दागिने, वस्त्राच्या चुण्या, सगळे मेणातच. मग तिच्या पाठीला, खांद्याला किंवा मुकुटाला मेणाच्या नळ्या जोडायच्या. त्यावर मातीचा लेप द्यायचा. ही माती साधी नव्हे. तिच्यात जाळलेला कोंडा, अगदी बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून ती पाट्यावर वाटायची. पहिला लेप पातळ द्यायचा आणि सावलीत वाळवायचा, दोन दिवसांनी दुसरा आणि शेवटी तिसरा जाड लेप द्यायचा. नळ्यांची तोंडे मात्र उघडी ठेवायची.

पहिला लेप पातळ का, याचे उत्तर मूर्तीच्या चेहऱ्यावर मिळते. मेणावर कोरलेली पापणीची रेघ जशीच्या तशी पकडायची असेल, तर पहिला थर दुधाच्या सायीसारखा मऊ आणि बारीक असावा लागतो. बाहेरचा जाड थर केवळ साच्याला बळ देण्यासाठी असतो. कोंडा आणि कापूस मातीला सच्छिद्र करतात, त्यामुळे तापलेला रस आत शिरताना कोंडलेली हवा मातीतून बाहेर पडू शकते. साचा तापवला की मेण वितळून नळ्यांतून निघून जाते आणि मेणाच्या जागी मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात मुशीतला धातूचा रस ओततात, तो निवला की माती फोडतात आणि नळ्यांचे दांडे कापून अंग घासून घेतात. साचा फुटतो आणि मेण तर आधीच गेलेले असते, म्हणून अशा प्रत्येक मूर्तीची प्रत एकच असते. एकाच हाताने घडवलेल्या, तारा या बौद्ध देवीच्या दोन मूर्तीही जुळ्या नसतात, बहिणी असतात.

किती धातू लागेल, हे आधी ठरवण्याचा उपायही या ग्रंथात आहे. मेण तोलायचे आणि त्याच्या ठरावीक पट धातू घ्यायचा: तांबे-पितळेसाठी आठपट (काही वाचनांत दहापट), चांदीसाठी बारापट, सोन्यासाठी सोळापट. आजच्या हिशेबाने तांबे मेणाहून सव्वानऊ पटींच्या आसपास जड आहे आणि चांदी सुमारे अकरापट. नळ्यांत अडकणारा आणि मुशीला चिकटून राहणारा धातू लक्षात घेतला, तर ओताऱ्याला आठापेक्षा दहापटीचे वाचन परवडले असते, असे मला वाटते. शुद्ध सोने मात्र मेणाच्या वीसपट जड असते, त्यामुळे सोळापट हे माप त्याला अपुरे पडते. चौथा हिस्सा चांदी-तांबे मिसळलेल्या सोन्याला ते बरोबर लागू होते. हा आकडा कारखान्यातून आला असावा, पोथीतून नव्हे.

आता धातूकडे वळू. ओतकामासाठी निव्वळ तांबे गैरसोयीचे आहे. ते १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, वितळल्यावरही जडपणे वाहते आणि रस असताना हवा शोषून निवताना ती सोडते. परिणामी साच्याच्या अरुंद कोपऱ्यांत रस पोहोचत नाही आणि मूर्तीच्या अंगावर बारीक भोके पडतात. त्यात दहा टक्क्यांच्या आसपास कथील घातले की मिश्रण लवकर वितळते, पातळ वाहते आणि निवल्यावर अधिक कठीण होते. पण कथील भारतात फार थोड्या ठिकाणी सापडते, त्यामुळे ते महाग. शिसे त्याहून स्वस्त. ते तांब्यात विरघळत नाही, बारीक गोळ्यांच्या रूपात विखरून राहते, पण रसाला प्रवाही करते आणि टाकी चालवायला मिश्रण मऊ ठेवते. जस्ताची गोष्ट वेगळी. जस्त ९०७ अंशांनाच उकळते, म्हणजे तांबे वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ होते. म्हणून जुने कारागीर तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत एकत्र तापवत आणि ती वाफ तांब्यातच मुरवत. या रीतीने पितळेत जस्त साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आतच राहते. त्याहून जास्त जस्त मिळाले, तर धातुरूप जस्त वेगळे काढून वापरले गेले होते असे समजतात. उदयपूरजवळच्या झावर येथे जस्ताची वाफ थंड करून धातू काढण्याचे मोठे काम मध्ययुगात चालत होते. तिथल्या उपयोगात येऊन फेकलेल्या मातीच्या मुशींचे ढीग आजही दिसतात.

पंचधातू आणि अष्टधातू हे शब्द आपल्या कानांवर इतके पडलेले आहेत की प्रत्येक जुन्या मूर्तीत सोने असेल, असे आपण गृहीत धरतो. रासायनिक तपासणीत सोने आणि चांदी सापडले तर बहुधा अंशमात्रच सापडतात. दात्याने मुशीत अंगठीचा तुकडा किंवा सोन्याचा मणी टाकला असेल, तर त्याचे पुण्य त्याला मिळाले असेल. धातूच्या गुणधर्मांत त्याने काही फरक पडत नाही. पंचधातू ही विधीची भाषा आहे, ओतशाळेची नव्हे.

मग नेपाळच्या कारागिरांनी एवढ्या अडचणीचे निव्वळ तांबे का निवडले? उत्तर मूर्तीच्या पृष्ठभागावर आहे. काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवार कारागिरांना मूर्ती सोन्याने मढवायची असे. सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप मूर्तीवर लावायचा आणि ती तापवायची. पाऱ्याची वाफ उडून जाते आणि सोन्याचा पातळ थर तांब्याला घट्ट धरून राहतो. (ही वाफ विषारी असते आणि हे काम करणाऱ्यांनी तिची किंमत मोजली आहे.) मिश्रणात शिसे असेल तर त्या जागी मुलामा डागाळतो, तांबे जितके शुद्ध तितका सोन्याचा थर सरस. शिवाय शुद्ध तांबे मऊ असल्याने ओतल्यानंतर बारीक काम टाकीने करता येते. ओतताना पडलेली भोके तांब्याचे छोटे चौकोनी तुकडे बसवून बुजवत आणि वर सोने चढले की ते जोड झाकले जात. आज मुलामा झिजलेल्या जुन्या नेपाळी मूर्तींवर हे चौकोन स्पष्ट दिसतात. काहींना तो दोष वाटतो, मला तो कारागिराचा हिशेब वाटतो: ओतकामातली अडचण पत्करायची आणि त्या बदल्यात मुलाम्याचे तेज मिळवायचे.

काश्मिरात नेमके उलटे गणित होते. पितळेचा रंग मुळात सोनेरी, त्यामुळे मुलाम्याची निकड कमी. त्याऐवजी डोळ्यांत चांदी आणि ओठांवर तांबे बसवत. पिवळ्या चेहऱ्यावर पांढरे डोळे आणि तांबूस ओठ हे रंगकाम नसून तीन धातूंचे जडावकाम आहे. हीच आवड गुजरातमध्येही दिसते. बडोद्याजवळच्या अकोटा येथे (आपल्या विदर्भातल्या अकोटशी याची गल्लत करू नये) १९५१ मध्ये ६८ जैन धातुमूर्तींचा साठा हाती लागला. प्राचीन अंकोट्टक ते हेच. तिथल्या ऋषभनाथाच्या डोळ्यांत चांदी आहे. याच साठ्यातली मुकुट आणि दागिने घातलेली जीवंतस्वामीची मूर्ती, म्हणजे दीक्षेपूर्वीच्या राजपुत्र महावीराची मूर्ती, आणि चवरी धरलेली एक स्त्री पाहिल्यावर इतक्या थोड्या उंचीत अंगाचा इतका डौल कसा मावतो याचे नवल वाटते. पाचव्या-सहाव्या शतकापासून पुढे अनेक शतकांच्या मूर्ती या एकाच साठ्यात असल्याने पश्चिम भारतातल्या धातुकामाचा बदलता क्रम एका जागी पाहता येतो.

महाराष्ट्रातही अशा मूर्ती सापडल्या आहेत, पण त्यांच्याविषयी बोलले कमी जाते. नागपूरजवळ रामटेक परिसरातल्या हमलापुरीत वाकाटक काळातल्या बुद्धमूर्ती मिळाल्या. सीमेपलीकडे तापीच्या खोऱ्यात, आज मध्य प्रदेशात असलेल्या बऱ्हाणपूरजवळच्या फोफनार येथे १९६४ मध्ये सात बुद्धमूर्ती सापडल्या. त्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. या मूर्ती आपल्या कालखंडाच्या उंबरठ्यावरच्या आहेत आणि अजिंठ्याच्या शेवटच्या बहराला समकालीन आहेत. लेण्यांत दगडात दिसणारा अंगाला चिकटलेला चीवर (भिक्षूचे वस्त्र) इथे धातूत दिसतो. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिंखिणी येथील जैन मूर्तींचा साठा त्यानंतरच्या शतकांचा असून तो नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. विदर्भातल्या वाचकाने अकोटा पाहायला बडोद्याला जाण्याआधी तो पाहावा.

दुसरा प्रश्न लहानपणाचा. धातू महाग असल्यामुळे मूर्ती लहान केल्या, हे उत्तर खरे आहे पण अपुरे आहे. मोठ्या धातुमूर्तीही होत होत्या. बिहारमधल्या सुलतानगंज येथे १८६१ साली रेल्वेचे काम चालू असताना सापडलेला तांब्याचा बुद्ध सुमारे २.३ मीटर उंच आणि पाचशे किलोहून अधिक वजनाचा आहे. तो आज इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे आहे. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाने नालंद्याजवळ ऐंशी फूट उंचीच्या तांब्याच्या बुद्धाची नोंद केली आहे. ती मूर्ती आज नाही, आणि ते साहजिक आहे: एवढे तांबे म्हणजे राजांच्या आणि लुटारूंच्या दृष्टीने नाण्यांची, भांड्यांची, शस्त्रांची खाणच. दगडी मूर्ती फोडून काही हाती येत नाही; धातूची वितळवून सगळे हाती येते. लहान मूर्ती वाचल्या त्या बऱ्याच अंशी लहान होत्या म्हणूनच. संकटाची चाहूल लागली की त्या रांजणात घालून पुरता येत. म्हणूनच त्या एकेकट्या कमी आणि साठ्यांनी जास्त सापडतात: अकोटा, चितगावजवळच्या झेवारी येथे १९२७ मध्ये मिळालेल्या साठाहून अधिक मूर्ती, आणि गयेजवळचे कुर्किहार.

कुर्किहारवर थोडे थांबायला हवे. १९३० मध्ये तिथल्या टेकाडातून दोनशेहून अधिक धातूच्या वस्तू निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक पाटण्याच्या संग्रहालयात गेल्या. अनेक मूर्तींवर बिहार-बंगालच्या पाल राजांची नावे, राज्यवर्षे आणि दात्यांची नावे आहेत, ‘देयधर्मोऽयम्’, म्हणजे हे अमक्याचे धर्मदान, अशा शब्दांनी सुरू होणारी. अशा दात्यांत दक्षिणेतल्या कांचीहून आलेले भिक्षू आणि उपासक आहेत. बोधगया तिथून जवळच. यात्रेला आलेला माणूस विहारात एक मूर्ती करवून देई आणि आपले नाव तिच्यावर कोरून जाई. वीतभर मूर्तीचा खर्च साध्या भिक्षूच्या आवाक्यातला होता, प्रासादाएवढ्या मूर्तीचा नव्हता. लहान आकारामुळे दान देणाऱ्यांचे वर्तुळ मोठे झाले. इतर अनेक मूर्तींवर फक्त ‘ये धर्मा हेतुप्रभवा’ ही गाथा असते: जे काही कारणांपासून उपजते त्याचे कारण तथागतांनी सांगितले आहे, असे सांगणारी. ही गाथा कोरली की मूर्तीत बुद्धवचन आले, मग ती चार बोटे उंच असो की चार हात उंच.

नालंद्यातही कारखाना जवळच होता. तिथल्या तेराव्या क्रमांकाच्या मंदिराच्या उत्तरेला विटांची भट्टी, धातूचे जळके तुकडे आणि मळी मिळाली आहे. विहारातच मूर्ती घडत आणि तिथूनच त्या निघत. सुवर्णद्वीपाचा (आजच्या सुमात्रा परिसराचा) राजा बालपुत्रदेव याने नालंद्यात विहार बांधल्याचे पाल राजा देवपालाच्या ताम्रपटात म्हटले आहे, आणि जावामधल्या त्या काळच्या छोट्या धातुमूर्तींवर नालंद्याची छाप स्पष्ट आहे. समुद्रापलीकडे शिल्पशैली नेण्यासाठी दगडाचे जहाज भरावे लागत नाही. भिक्षूच्या पडशीत दोन मूर्ती असल्या की पुरे. तिबेटातही असेच झाले. दहाव्या-अकराव्या शतकांतला अनुवादक रिनचेन झांगपो याने काश्मिरातून कारागीर नेल्याचे तिबेटी परंपरा सांगते, आणि काश्मीरच्या कितीतरी मूर्ती तिबेटी मठांतच टिकल्या. त्या ओळखण्याची एक खूण आहे: चेहऱ्यावर थंड सोन्याचा, म्हणजे न तापवता लावलेल्या सोन्याचा, रंग आणि केसांना निळा. हे रंगकाम तिबेटी पूजेतले आहे. मूर्ती काश्मिरात जन्मली आणि तिबेटात पुजली गेली, हे तो चेहराच सांगतो.

पूजा मूर्तीला झिजवते, हे सांगायला आपल्याला संग्रहालयाची गरज नाही. सणावाराला चिंचेने घासून लखलखीत केलेल्या देवघरातल्या जुन्या अन्नपूर्णेचे नाक-डोळे आठवावेत. पिढ्यान्पिढ्यांच्या बोटांनी ते गुळगुळीत झालेले असतात. अभिषेक होणाऱ्या जुन्या मूर्तींचे चेहरे असेच निघून गेले आहेत, पण पाठ बहुधा शाबूत असते. म्हणून मूर्ती पाठीमागून पाहावी, आणि संग्रहालये नेमकी तीच बाजू भिंतीकडे वळवून ठेवतात, ही माझी जुनी तक्रार आहे. पाठीवर प्रभावळ अडकवायच्या कड्या किंवा खुंट्या असतात. प्रभावळ वेगळी ओतली जाई आणि हरवतही असे, त्यामुळे आज एकटी दिसणारी मूर्ती मुळात मोठ्या मांडणीचा भाग होती की नाही, ते या खुंट्यांवरून कळते. लेखही बहुधा पाठीवर किंवा पीठाखाली असतो. जैन मूर्तींत तीन, पाच किंवा चोवीस तीर्थंकर एकाच प्रभावळीत असतात. तिथे ती कड्यांनी जोडलेली आहे की एकत्र ओतली आहे, हे पाठच दाखवते.

काळ ठरवताना मात्र लहान आकार अडचणीचा ठरतो. मोठी मूर्ती पोकळ ओततात आणि आत मातीचा गाभा राहतो. ती माती शेवटची कधी तापली होती ते प्रयोगशाळेत मोजता येते. लहान मूर्ती भरीव असते. तिच्यात माती नसते आणि धातूचे वय मोजण्याचा असा मार्ग नाही. शिशाच्या अणूंचे प्रकार तपासून खाणीचा माग काढता येतो, पण जुनी भांडी आणि मोडक्या मूर्ती एकाच मुशीत वितळल्या गेल्या असतील तर तो मागही गढूळ होतो. उरतो तो लेख, आणि लेख नसेल तर शैली: वस्त्राची चुण कशी पडली आहे, पद्मासनाच्या पाकळ्या किती रुंद आहेत, डोळे उघडे आहेत की अर्धे मिटलेले.

स्वीडनमधल्या हेल्यो बेटावर १९५६ मध्ये उत्खननात सापडलेला बुद्ध शैलीवरूनच ओळखला गेला. उंची ८.४ सेंटीमीटर, कमळावर बसलेला, घडण आजच्या पाकिस्तानातल्या स्वातच्या खोऱ्यातली, काळ साधारण सहाव्या शतकाचा. त्याच ठिकाणी आयर्लंडमधल्या धर्मगुरूच्या दंडाची मूठ आणि इजिप्तमधली ख्रिस्ती विधीची पळी मिळाली. स्वातपासून स्वीडनपर्यंत तो एका हाताने गेला नसणार. बाजारामागून बाजार, नदीमागून नदी अशा कित्येक हातांतून गेला असणार, आणि त्यांतल्या बहुतेकांना तो कोण आहे हे कळलेही नसेल. मुठीत मावणारी, न फुटणारी, चमकणारी वस्तू म्हणून त्यांनी ती पुढे विकली. आज तो स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे.